संगणक बदलायचा, पण कशासाठी?

गेल्या ऑक्टोबरात आमच्या घरातल्या संगणकाने जणू नोटीसच दिली. विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, असा मजकूर पडद्यावर येऊ लागला. मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत दाराच्या कड्यांनाही दोन पावसाळ्यांत गंज धरतो. तिथे हा २०१६ सालचा संगणक नऊ वर्षे चालला, ही अल्लाहची मेहेरबानीच. आता पुढे काय, हा प्रश्न महिनाभर आमच्या दस्तरखानावर होता. अनेक घरांत तो आजही असेल, म्हणून आमचा अनुभव इथे मांडत आहोत.

सूचनेचा अर्थ काय?

आधार थांबला म्हणून संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. चोर रोज नवी फट शोधतात आणि कंपनी ती बुजवत राहते. बुजवणारा हात थांबला की फट उघडीच राहते. विंडोज ११ घालावे, तर त्याला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था लागते. आमचा प्रोसेसर सहाव्या पिढीचा. घरगुती वापरासाठी नोंदणी केल्यास १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या मिळण्याची सोय आहे. ती नोंदणी आम्ही लगेच केली. त्यामुळे विचार करायला सवड मिळाली, पण प्रश्न सुटला नाही.

आम्हाला खरी काळजी वेगळीच होती. हजचा अर्ज, पासपोर्ट, मुलांची शिष्यवृत्ती, असे काही भरायचे असले की मोहल्ल्यातली माणसे आमच्याकडे येतात. त्यांच्या आधार कार्डांच्या आणि पासपोर्टांच्या प्रती या संगणकात पडून आहेत. जमातीच्या वर्गणीचा हिशेबही त्यातच आहे. नुसते आपले फोटो असते, तर धोका आपल्यापुरता राहिला असता. दुसऱ्याचे कागद ही अमानत आहे. कुलूप मोडलेल्या पेटीत अमानत ठेवून निर्धास्त झोपता येत नाही.

घरातला मशवरा

कुरआन शरीफमध्ये मशवऱ्याच्या नावाची एक सूरहच आहे, सूरह अश-शूरा. मग इशानंतर सगळे बसलो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: तुम्ही संगणकावर नेमके करता काय?

अकरावी कॉमर्सला असलेल्या मुलीला टॅली शिकायचे आहे. मुलाला मॅक हवा होता. का, याचे उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हते. घरच्या होमस्टेचे बुकिंग अम्मी पाहतात. त्यांना इंटरनेट, ई-मेल आणि छपाई एवढेच लागते. आणि चौथे काम मरहूम अब्बांचे. त्यांनी वीस वर्षे उर्दूत लिहिलेले बयान आणि खानदानाचा शिजरा, सगळे इनपेजमध्ये.

दोह्याच्या धाकट्या भावाने फोनवर सांगितले, "भाईजान, माझा मॅकबुक पडून आहे, सुट्टीत घेऊन येतो." प्रेमाने दिलेली वस्तू नाकारणे जिवावर येते. पण तो २०१८ सालचा, इंटेल प्रोसेसरचा आहे. मॅकओएस २६ ही इंटेल यंत्रांसाठी शेवटची आवृत्ती असल्याचे ॲपलने २०२५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणजे थोड्या वर्षांत हीच नोटीस पुन्हा दारात. आखातातून जुना मॅक येणार असेल, तर तो नोव्हेंबर २०२० नंतर आलेल्या एम मालिकेच्या चिपचा आहे का, एवढे आधी विचारून घ्या.

क्रोमबुक स्वस्त आणि सोपे असते, पण त्याचे बरेचसे काम इंटरनेटवर चालते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये आपल्या जिल्ह्यातली मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन अभ्यास करत होती, हे आपण विसरलेलो नाही. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती. किनाऱ्यावर राहणाऱ्याने हा हिशेब धरायलाच हवा.

नवा विंडोज लॅपटॉप घेतला तर सगळेच सुटते. पण चालते यंत्र भंगारात टाकून, तेही हप्त्यावर नवे घेणे आम्हाला इसराफ वाटले.

मोफत, आणि हक्काचे

राहिला लिनक्स. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने त्याची सुरुवात केली. केरळमध्ये सरकारी शाळांतली लाखो मुले मुक्त सॉफ्टवेअरवरच संगणक शिकतात. आम्ही त्यातला लिनक्स मिंट निवडला. त्याला ४ जीबी मेमरी पुरते आणि २२ व्या आवृत्तीला एप्रिल २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. बनवणाऱ्यांनीच तो मोफत दिलेला आहे. आपल्याकडे चोरीची विंडोज आणि 'क्रॅक' केलेले इनपेज घालून घेणे ही रोजची बाब झाली आहे. जेवणात हलाल-हराम पाहणाऱ्यांनी दुसऱ्याच्या मेहनतीबाबतही ते पाहायला नको का?

मिंट पेनड्राइव्हवरून, जुन्या विंडोजला हात न लावता चालवून पाहता येतो. तीन आठवडे आम्ही तसे केले. बुकिंग, हजचे आणि शिष्यवृत्तीचे अर्ज, बँक, सगळे ब्राउझरमधून चालले. वर्डच्या फायली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, एखाद्या तक्त्याची ओळ सरकली एवढेच. प्रिंटर लगेच जुळला, स्कॅनरने मात्र दोन दिवस घेतले. टॅली विंडोजसाठी बनलेले आहे, त्यामुळे ते राहिले.

खरी अडचण अब्बांच्या फायलींची निघाली. १९९४ साली आलेल्या इनपेजमुळे नस्तालीक उर्दू संगणकावर घराघरात पोहोचली, पण तेही विंडोजचेच आणि जुन्या फायली त्याच्या स्वतःच्या साच्यात. मिंटवर एकही उघडेना. जमातीच्या जुन्या मराठी नोटिसांचेही तेच. त्या युनिकोडआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या, म्हणून दुसरीकडे इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. तेव्हा ध्यानात आले की संगणक बदलला नसता, तरी हे यंत्र बंद पडल्या दिवशी अब्बांचे लिखाण त्याच्याबरोबर गेले असते.

मग सगळे बाजूला ठेवून आधी तेच काम केले. रोज दोन-तीन फायली युनिकोडमध्ये बदलायच्या आणि अम्मींनी मूळ पान समोर ठेवून वाचायचे. बदलताना कुठे जेर-जबर हलतात, कुठे शब्द चिकटतात. शिजऱ्यात एका परदादांचे नावच बदलले होते, ते अम्मींनी पकडले. आता हे लिखाण फोनवरही उघडते आणि दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवलेले आहे.

शेवटी काय ठरले?

जुन्या संगणकात एसएसडी बसवली, मेमरी ८ जीबी केली आणि मिंट घातला. खर्च नव्या लॅपटॉपच्या दहाव्या हिश्श्याहून कमी. विंडोजची जुनी डिस्क काढून ठेवली आहे. इनपेजसाठी लागलीच तर इंटरनेट न जोडता वापरायची. लोकांच्या कागदांच्या प्रती काम झाल्यावर पुसून टाकतो. जमातीचा हिशेब पासवर्डमागे आहे. मुलीला बारावीनंतर टॅलीसाठी विंडोज लॅपटॉप घ्यायचा, त्यासाठी पैसे बाजूला पडत आहेत. मुलगा आठवडाभर रुसला, आता मिंटचे रंग बदलण्यात रमला आहे.

तुमच्या घरात उत्तर वेगळे निघेल. कुणाला विंडोज ११ सोयीचे, कुणाला मॅक. पण दुकानात जाण्याआधी घरातल्या प्रत्येकाची कामे कागदावर लिहा आणि कोणत्या फायली दुसरीकडे उघडणार नाहीत ते पाहा. यंत्र कधीही बदलता येते. आपल्या वडीलधाऱ्यांचे लिखाण मात्र आजच युनिकोडमध्ये आणा, वाचून तपासणारे माणूस घरात आहे तोवर.