वणवा आणि गावकरी

मुलांनो, निलगिरीचे झाड तुम्ही पाहिले असेल. सर्दी झाली की निलगिरीचे तेल रुमालावर घेऊन आपण हुंगतो. हे झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. तेथे त्याची मोठमोठी जंगले आहेत. आपल्याकडे थंडी असते तेव्हा, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत, तेथे कडक उन्हाळा असतो. गवत वाळते. झाडांखाली सुक्या पानांचा थर साचतो. वीज पडली किंवा कोणी जळती काडी टाकली, की वणवा पेटतो. पानांतल्या तेलामुळे तो आणखी भडकतो. झाडाची जळती साल वाऱ्याने उडून दूर पडते आणि तेथेही आग लागते.

अशा वेळी शहरातला बंब खेड्यात केव्हा पोहोचणार? म्हणून तेथील गावकऱ्यांनीच आपली अग्निशामक दले उभारली आहेत. न्यू साउथ वेल्स राज्यातील बेरिगन गावात १९०० साली असे दल स्थापन झाले. आज त्या एका राज्यात सुमारे ७० हजार स्वयंसेवक आहेत. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, बायका, पुरुष, सगळेच त्यांत असतात. पगार नाही. मात्र आधी शिक्षण घ्यावे लागते. निरोप आला की हातातले काम टाकायचे, पिवळा पोशाख चढवायचा आणि निघायचे.

तुम्हांला वाटेल, पाणी मारले की आग विझली. पण गाडीच्या टाकीत पाणी असून असून किती असणार? म्हणून हे लोक आगीचे खाणेच काढून घेतात. गवत आणि पाचोळा खरडून जमिनीचा उघडा पट्टा तयार करतात. कधी वणवा येण्याआधी त्या पट्ट्याच्या कडेने मुद्दाम आग लावतात. वणवा तेथे पोहोचतो तेव्हा जळायला काही उरलेले नसते. आगीनेच आग विझवायची! पण वारा फिरला तर हीच आग उलटते.

वाऱ्याचा धोका मोठाच. २ डिसेंबर १९९८ रोजी व्हिक्टोरिया राज्यात लिंटन गावाजवळ वणवा लागला होता. दुसऱ्या गावाहून मदतीला आलेली एक गाडी पाणी भरून आणायला निघाली. इतक्यात वारा फिरला. गाडीतील पाचही स्वयंसेवक आगीत सापडून मरण पावले.

त्यानंतर तेथील दलांनी एक नियम केला. टाकीतले सगळे पाणी आगीवर ओतायचे नाही. थोडे पाणी स्वतःचा जीव वाचवण्यासाठी राखून ठेवायचे. समोर ओळखीच्या माणसाचे घर जळत असेल, तेव्हा हा नियम पाळणे किती जड जात असेल!