घरपोच पार्सलने हेलपाटा खरंच वाचतो का?

मोबाइलवरून वस्तू मागवली की दुकानाचा एक हेलपाटा वाचला, असं आपण धरून चालतो. तो खरंच वाचला का, हे पाहायचं तर आधी एक प्रश्न विचारायला हवा: ऑर्डर दिली नसती, तर त्या वस्तूसाठी आपण मुद्दाम बाहेर पडलो असतो का?

अमेरिकेतल्या पॅट्रिशिया मोख्तारियन यांच्यासारखे वाहतूक-अभ्यासक याच्या चार शक्यता मांडतात: ऑनलाइन खरेदीमुळे फेरी वाचते, नवी फेरी वाढते, फेरीचं स्वरूप बदलतं किंवा काहीच फरक पडत नाही.

पुण्यातली उदाहरणं घेऊ. मिक्सरच्या भांड्याची रबरी रिंग आणायला कोथरूडहून तुळशीबागेत जायचं होतं, ती घरी मागवली. फेरी वाचली. साडीचं तसं नाही. फोनवर नक्षी आवडते, पण पोत हाताला लागल्याशिवाय आणि रंग उजेडात पाहिल्याशिवाय मन धजत नाही. मग लक्ष्मी रोड गाठावाच लागतो. इथे फोननेच बाहेर काढलं. बुटांच्या बाबतीत उलटं होतं: माप दुकानात बघायचं आणि ऑर्डर घरून द्यायची. ऑफिसहून येताना वाटेवरच भाजी घेणाऱ्याने ती ऑनलाइन मागवली, तरी त्याचा घरी यायचा रस्ता तेवढाच राहतो.

आता पार्सलचा प्रवास पाहू. भिवंडीसारख्या ठिकाणच्या गोदामातून माल ट्रकने शहरातल्या वाटप केंद्रावर येतो आणि तिथून टेम्पोने किंवा दुचाकीने घरोघर जातो. समजा, एका टेम्पोने 40 किलोमीटर फिरून 80 पार्सलं पोचवली. प्रत्येक पार्सलच्या वाट्याला अर्धा किलोमीटर आला. तीच वस्तू आणायला तुम्ही स्कूटरवर जाऊन-येऊन 10 किलोमीटर फिरला असतात, तर टेम्पो नक्कीच परवडला.

पण दाराला कुलूप असलं, की दुसऱ्या दिवशी पुन्हा चक्कर. दोन मापांचे कुर्ते मागवून एक परत पाठवला, की तो न्यायलाही कुणीतरी येणार. दहा मिनिटांत किराणा देणाऱ्या सेवांचं गणित आणखी वेगळं आहे. घाई असल्याने स्वार एखाद-दोन पिशव्याच घेऊन निघतो आणि रिकाम्या हाती परततो. दोन किलोमीटरवरून कोथिंबिरीची एक जुडी आली, तरी रस्त्यावर चार किलोमीटर धाव झालीच. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे आपण पायीच गेलो असतो.

म्हणून लांबची, मुद्दाम आणावी लागणारी वस्तू खुशाल मागवा. पण चार ऑर्डरींची एक करा, घाई नसेल तर उशिराची तारीख निवडा आणि माप नीट बघून घ्या. वाटेवर मिळणारी वस्तू मात्र येता-जाताच घ्या.