मुदत संपली, अभ्यास उरला

घरात पीएच.डी. करणारे कुणी असले, की चौथ्या-पाचव्या वर्षी एक प्रश्न हळूच विचारला जातो, ‘अजून किती दिवस रे?’ विचारणाऱ्या आईच्या मनात पदवी असते. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र शिष्यवृत्ती बंद होण्याची तारीख. विद्यापीठ अनुदान आयोगाची ‘जेआरएफ’ फार तर पाच वर्षे मिळते. आयोगाच्याच २०२२ च्या नियमांनुसार प्रबंधाला मुदत सहा वर्षांची, आणि फेरनोंदणी केली तर आणखी दोन. सहाव्या वर्षी खोलीचे भाडे कुणी भरायचे?

हा पेच आपल्याकडे नवा नाही. जून १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांनी बडोदे संस्थानाशी करार केला. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी एम.ए. केले, पीएच.डी.चा प्रबंध लिहिला आणि १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला अभ्यास रंगात आलेला असतानाच शिष्यवृत्ती संपली. १९१७ मध्ये, ऐन महायुद्धात, त्यांना परतावे लागले. त्यांचे सामान नेणारी बोटही बुडाली.

चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. पैशाचे ज्याचे त्याने पाहायचे! कराराप्रमाणे ते बडोद्यात नोकरीला गेले, तर तिथे अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. नोकरी सोडावी लागली. मग मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पगारातून काटकसरीने बाजूला टाकलेली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज. एवढी जमवाजमव झाली तेव्हा १९२० साल उजाडले होते. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाली. इकडे परळच्या चाळीत रमाबाई संसार ओढत होत्या, तो हिशेब वेगळाच.

यात सयाजीरावांना बोल लावण्याचे कारण नाही. त्यांच्या मदतीवाचून न्यूयॉर्कची बोट गाठणेच अवघड होते. सरकारी मदतीला मर्यादा हवी, हेही खरे. मागे दुसरी मुले रांगेत उभी असतात. पण मुदत ठरवणाऱ्याने कामाकडेही पाहावे. कुणाचे मार्गदर्शक मध्येच निवृत्त होतात, कुणाचे यंत्र वर्षभर दुरुस्तीत पडते, कुणाला घरच्या आजारपणात गावी बसावे लागते. आळसाने दवडलेले वर्ष आणि असे गेलेले वर्ष कागदावर सारखेच मोजले जाते. हप्ता सहा महिने रखडला तरी मुदत काही थांबत नाही. निदान हे रखडलेले महिने तरी पाच वर्षांतून वजा करायला काय हरकत आहे?