मोडेमच्या किरकिरीत काय दडलं होतं?

नांदेडच्या वजिराबादेत किंवा लातूरच्या गंजगोलाईजवळ 2000 सालच्या आसपास ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यांना फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडताना मोडेममधून येणारा तो आवाज नक्की आठवत असेल. आधी डायल टोन, मग नंबर लागल्याची टुकटुक, एक लांब शिट्टी आणि तिच्यामागून किरकिर, फसफस. एवढं होऊन कधी कधी पडद्यावर नुसतीच चौकट यायची: एरर 678. माणूस वैतागून पुन्हा ‘कनेक्ट’ दाबायचा. पण त्या अर्ध्या मिनिटात काय काय घडायचं, हे कळलं की थक्क व्हायला होतं.

टेलिफोनची व्यवस्था माणसाच्या बोलण्यासाठी बांधलेली. साधारण 300 ते 3400 हर्ट्झचे स्वर तेवढे एक्स्चेंज पुढे सोडायचं, बाकीचे गाळून टाकायचं. कॉम्प्युटरचे शून्य-एक मोडेमला याच पट्ट्यातल्या आवाजात बसवावे लागत. ती लांब शिट्टी 2100 हर्ट्झची. पलीकडचा मोडेम तिच्यातून वाटेतल्या यंत्रणेला सांगायचा, की प्रतिध्वनी दाबणं थांबवा, आता यंत्रं बोलणार आहेत. मग 33.6 केबीपीएसचे मोडेम एकमेकांना 21 वेगवेगळे स्वर एकदम ऐकवायचे. कोणता स्वर धड पोचला, कोणता वाटेत क्षीण झाला, हे मोजून वेग ठरायचा. पावसात तारेचा जोड भिजला असेल, तर 2400 बिटांच्या पायऱ्यांनी वेग खाली यायचा. ती किरकिर म्हणजे चक्क तुमच्या लाइनची तपासणी होती!

बोलणं कुठल्या टप्प्यावर अडलं, ते एररचा आकडा सांगायचा. 680 म्हणजे डायल टोनच नाही. रिसीव्हर कानाला लावून पाहायचा. तिथेही शांतता असेल तर लाइनमनला बोलवायचं. टोन ऐकू येत असेल, तर गंमत वेगळीच. भारतातला डायल टोन 400 हर्ट्झचा, 25 हर्ट्झने थरथरणारा. अमेरिकेतला 350 आणि 440 हर्ट्झच्या जोडीचा. परदेशी मोडेमला आपला टोन कधी ओळखताच यायचा नाही. सेटिंगमधली ‘वेट फॉर डायल टोन’ची खूण काढली, की तो निमूटपणे नंबर लावायचा.

676 म्हणजे पलीकडची लाइन बिझी. 678 म्हणजे पलीकडून उत्तर नाही: नंबर तपासायचा, पॅरलल फोन काढायचे, मोडेम थेट भिंतीतल्या सॉकेटला जोडायचा. 691 आला, की खरं तर आनंद मानावा. तार, एक्स्चेंज, दोन्ही मोडेम, सगळं ठीक; फक्त युजरनेम किंवा पासवर्ड चुकलेला, बहुधा कॅप्स लॉकमुळे. चालू कनेक्शन तुटलं, तर आतल्या खोलीत कुणी फोन उचलला का, कॉल वेटिंगचा बीप आला का, हे पाहायचं.

आणि खरं नवल पुढेच. 33.6 च्या वेगाने एक एमबीची फाइल उतरायला चार मिनिटं लागायची. 2005 साली बीएसएनएलचं डेटावन ब्रॉडबँड आलं, ते याच तांब्याच्या जोडतारेवरून. त्याने बोलण्याच्या पट्ट्याच्या वरचे, सुमारे 11 लाख हर्ट्झपर्यंतचे स्वर वापरले. म्हणून फोन आणि इंटरनेट एकाच वेळी चालू लागले. तारेत ती ताकद पहिल्यापासून होती. अरुंद होता तो एक्स्चेंजमधला गाळणीचा दरवाजा, आणि त्या दरवाजातूनही मोडेमनं मराठवाड्यातल्या घरांत जग आणून दाखवलं होतं.