बाळाच्या उशाचा दिवा

लहान मुलांच्या झोपण्याच्या जागेत लावायचे शोभेचे दिवे आमच्या गटानं करायला घेतल्यापासून बायका एकच प्रश्न जास्त विचारतात. बाजारात शंभर रुपयांत रंगीत माळ मिळते, तीच खिडकीला गुंडाळली तर काय बिघडलं? आज त्यावरच बोलू. उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते पटायला वीज कशी चालते हे थोडं समजून घ्यावं लागतं.

आधी जागेचं बोलू. आपल्याकडे मुलासाठी वेगळी खोली फार थोड्या घरांत असते. आई-आजीच्या अंथरुणाशेजारची जागा, पाळणा किंवा झोळी, वरून मच्छरदाणी, ही आपल्या बाळाची बेडरूम. म्हणजे दिवा आणि बाळ यांच्यात अंतर थोडं, आणि भोवती जळणारं, वितळणारं सामान भरपूर. समई, निरांजन, चिमणी, मेणबत्ती यांना या कोपऱ्यात जागाच नाही. नायलॉनची मच्छरदाणी ज्योतीजवळ गेली की आधी आकसते, मग वितळून खाली थेंब पडतात. हे बहुतेकींना ठाऊक आहे, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही.

फसगत होते ती विजेच्या माळेपाशी. दिवा इवलासा, हाताला गार लागतो, त्यामुळे त्यातली वीजही इवलीशीच असेल असं वाटतं. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची वीज. पांढऱ्या एलईडीच्या एका दाण्याला लागतात साधारण ३ व्होल्ट. मग ती माळ थेट बोर्डात घातली तरी जळत कशी नाही? कारण दाणे एकामागे एक असे ओळीनं जोडलेले असतात आणि मध्ये वीज अडवणारे छोटे तुकडे घातलेले असतात. बांधावर घमेलं हातोहात द्यायला बायका ओळीत उभ्या राहतात, तसं सगळे मिळून ते ओझं वाटून घेतात. पण ही वाटणी ओळीतल्या दाण्यांपुरतीच असते. वायरचं आवरण कुठं उंदरानं कुरतडलं असेल, त्या उघड्या तारेला बाळाचं बोट लागलं आणि पाय सारवलेल्या ओलसर जमिनीवर असले, तर बाळाला ३ व्होल्टचा धक्का बसेल असं समजू नका. पहिल्या दाण्याजवळ तो २३० व्होल्टपर्यंतचा असू शकतो. रांगणारी मुलं तर वायर हातात आली की थेट तोंडातच घालतात.

माळेवर एक छोटी डबी असते. तिचं बटण दाबलं की दिवे कधी लुकलुकतात, कधी पळतात. पुष्कळ जणी तिलाच अडॅप्टर समजतात. ती फक्त नाच बदलते, व्होल्ट कमी करत नाही. खरा अडॅप्टर मोबाईलच्या चार्जरसारखा असतो. त्यावर ‘आउटपुट’ या इंग्रजी शब्दापुढे ५ आणि इंग्रजी ‘व्ही’ असं छापलेलं असतं. आत दोन वेगळी वेटोळी असतात. घरची वीज पहिल्या वेटोळ्यापर्यंत येऊन थांबते. तिची तार दुसऱ्याला जोडलेली नसते, ती फक्त आपला जोर पलीकडे पोचवते. दिव्यापर्यंत पोचते ती ५ व्होल्टची, घरच्या तारेपासून तुटलेली वीज. म्हणून मुलाच्या कोपऱ्यात लावायची माळ ५ व्होल्टचीच हवी, चार्जरला लागते तशा यूएसबी पिनेची.

मात्र ही दोन वेटोळी आत नीट वेगळी ठेवलेली हवीत. फुटपाथवरच्या चाळीस रुपयांच्या चार्जरमध्ये ती तशी असतील याची खात्री देता येत नाही. अडॅप्टरवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी बघा. चिन्हाजवळ इंग्रजी ‘आर’नं सुरू होणारा क्रमांक असतो, तो ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला की कंपनीचं नाव दिसतं. घरातल्या जुन्या मोबाईलचा मूळ, न फुटलेला चार्जर असेल तर तोही चालतो.

आता आमचा दिवा. आम्ही गाडगं घेतो. कुंभाराला वीतभर उंचीचं गाडगं सांगायचं आणि माती ओलसर असतानाच, भट्टीत जाण्याआधी, त्याला भोकं पाडून घ्यायची. चांदण्या, मोर, मासे, जे हवं ते. भाजल्यानंतर भोक पाडायला गेलं की तडा जातो. भोक उदबत्तीच्या काडीपेक्षा जाड आणि पेन्सिलीपेक्षा बारीक, म्हणजे उजेड बाहेर येतो पण बोट आत जात नाही. काठाजवळ तीन भोकं जास्तीची ठेवायची.

गाडगं पालथं घालायचं. तोंडाच्या मापाची लाकडाची चकती घ्यायची, तिच्या मध्यावर एक उभी काडी ठोकायची आणि त्या काडीला तांब्याच्या तारेची २० दाण्यांची ५ व्होल्टची माळ गुंडाळायची. वायर चकतीतून बाहेर काढण्याआधी आतल्या बाजूला तिला एक गाठ मारायची. ही गाठ विसरू नका. मुलानं बाहेरून वायर ओढली तर ओढ गाठीवर येते, जोडावर येत नाही. मग काठाच्या तीन भोकांतून तार ओवून गाडगं चकतीला आवळायचं. पक्कड घेतल्याशिवाय ते सुटता कामा नये.

रंग शक्यतो देऊच नका, भाजलेल्या मातीचा रंग उजेडात सुरेख दिसतो. द्यायचाच तर डब्यावर शिशाचं प्रमाण वाचा. घरगुती रंगांत ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं नको असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. कित्येक वर्षं पडून असलेला जुना डबा या कामाला नको.

उजेड पिवळसर घ्या. पांढरा-निळा उजेड झोप लांबवतो. आणि लुकलुक नकोच, दिवा एकसारखा जळू द्या. खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेलं असतं.

हा दिवा ठेवायचा कुठे? कोनाडा असेल तर त्याच्यासारखी जागा नाही. नसेल तर भिंतीला पक्की ठोकलेली फळी, अंथरुणाच्या बरोबर वर नाही, बाजूला. मातीचं भांडं आहे, पडलं तर लागेल. वायर भिंतीला क्लिपांनी बसवायची, गोधडीखालून न्यायची नाही. मच्छरदाणीवर किंवा पाळण्याच्या दोरीवर माळ सोडणं तर अजिबात नको, मग ती ५ व्होल्टची का असेना. वीतभरापेक्षा लांब लोंबती दोरी किंवा वायर बाळाच्या हाताला लागली की ती गळ्याभोवती जाऊ शकते, तिथं व्होल्टचा काही संबंध नाही.

एक धोका विजेचा नाही, तरी या सगळ्यात मोठा आहे. काही छोट्या माळा बटणासारख्या चपट्या सेलवर चालतात. सेलवर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं. म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, नाण्याएवढा. मुलानं तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर ओलाव्यामुळे तिथंच वीज वाहू लागते आणि दोन तासांतही आतून खोल भाजू शकतं. संपलेल्या वाटणाऱ्या सेलमध्येही तेवढी ताकद उरलेली असू शकते. अशा वेळी उलटी करवू नका, केळं-भात भरवून खाली ढकलायचा प्रयत्न करू नका. एक्स-रेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात तडक जा आणि सेलचं पाकीट असलं तर बरोबर न्या. आमच्या गटात या सेलची माळ कुणी आणायची नाही, असा ठराव वहीत लिहिलेला आहे.

खर्चाचा हिशोब सासूबाई विचारतीलच. पूर्वी आपण ‘झिरोचा बल्ब’ लावायचो, तो नावालाच झिरो, खातो साधारण १५ वॅट. रोज ९ तास धरले तर महिन्याला ४ युनिट. आमचा दिवा १ वॅटच्या आसपास, म्हणजे महिन्याला पाव युनिटपेक्षा थोडं जास्त.

विक्रीचंही सांगायला हवं. तालुक्याच्या एका दुकानदारानं २०० दिवे मागितले, पण अट घातली की अडॅप्टरची भानगड नको, थेट दोन पिना लावून द्या, ८० रुपये कमी पडतील. बैठकीत बरीच वादावादी झाली. दोघींचे कर्जाचे हप्ते तटलेले होते, त्यांचं म्हणणं होतं की लोक बाजारातून तशाच माळा घेतात, मग आपणच का अडायचं? शेवटी यूएसबी पिन लावून, अडॅप्टरशिवाय विकायचं ठरलं, चार्जर घरोघरी असतोच. दुकानदारानं २०० ऐवजी ६० घेतले. आमच्या मते ते ठीक झालं, दोघींना मात्र अजून तसं वाटत नाही.

आणखी एक. दिव्याला बाहुलीचा किंवा गाडीचा आकार देऊन खेळणं म्हणून विकू नका. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. हस्तकला विकास आयुक्तांच्या कार्यालयात नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे, पण आपण दिवा दिवा म्हणूनच विकलेला बरा.

प्रत्येक दिवा देण्याआधी आम्ही सलग दोन दिवस, दोन रात्री चालू ठेवतो. मग गाडग्याला आणि अडॅप्टरला हात लावून बघतो. कोमट चालेल, चटका नको. वायरला धरून दिवा उचलून बघतो, गाठ पक्की असेल तर काही हलत नाही. चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहितो: ५ व्होल्टच्या अडॅप्टरलाच लावा, मुलाच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, वायर फाटली तर टेप गुंडाळू नका, आमच्याकडे परत आणा, फुकट बदलून देऊ.