नव्याने नोकरीला लागलात? सेवापुस्तक बघा

काल शेजारची पोर पेढे घेऊन आली. तलाठी म्हणून निवड झाली! "काका, एक सल्ला द्या ना."

महसूल खात्यात 34 वर्षं काढून मी 58व्या वर्षी निवृत्त झालो. तिला म्हटलं, दरवर्षी आपलं सेवापुस्तक उघडून बघ.

नेमणूक, वेतनवाढ, रजा, बदली, नामनिर्देशन सगळं त्यातच. निवृत्तीचा हिशेब त्यावरूनच होतो. माझी एका बदलीच्या वेळची सेवा पडताळणीची नोंद राहिली होती. शेवटच्या वर्षी जुन्या कार्यालयात सात खेपा झाल्या. दुय्यम प्रत जवळ ठेवाच. लग्न झालं की नामनिर्देशनही बदला.

आणि सातबाऱ्यासाठी आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आधी खुर्ची द्या. मला हे उशिरा सुचलं, त्याची रुखरुख आजही आहे.

सेवापुस्तकाबद्दल काही अडलं तर खाली विचारा.