टॅक्सी उशिरा, विमान हुकलं

मंचरला रेल्वे नाही. विमान गाठायचं तर चाकणची कोंडी पार करून पुण्याला जावं लागतं. ठरवलेली टॅक्सीच उशिरा आली, तर नशिबाला बोल लावून गप्प बसायचं कारण नाही. 2018मध्ये डोंबिवलीच्या एका वकील महिलेचं चेन्नईचं विमान असंच हुकलं. उबरचा चालक उशिरा आला, फोनवर बोलत राहिला, वर वाटेत सीएनजी भरायला वळला. ‘आम्ही फक्त ॲप चालवतो’ हा कंपनीचा बचाव ठाण्याच्या ग्राहक आयोगाने 2022मध्ये मानला नाही. भरपाई आणि दाव्याचा खर्च मिळून 20,000 रुपये देववले. रक्कम फार नाही, पण जबाबदारी कोणाची ते ठरलं.

कोंडीला चालक काय करणार, हा आक्षेप रास्तच. प्रवाशानेही वेळ हाताशी ठेवावा. पण कोंडी वेगळी, सीएनजीची रांग वेगळी, आणि हा फरक पुराव्यानेच दिसतो: बुकिंगची वेळ, गाडीचा मार्ग, केलेले कॉल. त्यांचे स्क्रीनशॉट जपावेत. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार राहत्या जिल्ह्यात, म्हणजे मंचरकराला पुण्यातच करता येते. मुदत दोन वर्षं. ओळखीच्या गाडीवाल्याशी तोंडी ठरवलं असेल, तर निदान निघायची वेळ व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावी.